निवृत्तीच्या खात्यातून घर घेताना: अमेरिकेतल्या सेल्फ-डायरेक्टेड आयआरएची वाट, पायरीपायरीने

ओहायो राज्यात डेटनला असलेल्या एका तीन बेडरूमच्या घराचं खरेदीखत माझ्या फाइलमध्ये आहे. त्यावर माझं नाव आहे, पण मालकाच्या जागी एका ट्रस्ट कंपनीचं नाव आहे. त्यापुढे ‘कस्टोडियन’, म्हणजे खातं सांभाळणारी संस्था, मग ‘एफबीओ’ म्हणजे ‘यांच्या हितासाठी’, मग मी, आणि शेवटी ‘आयआरए’, म्हणजे अमेरिकेतलं वैयक्तिक निवृत्ती खातं. २०१९ मध्ये घर घेतलं तेव्हा ही ओळ कशी लिहायची एवढंच मला पाठ होतं. तिचा अर्थ अंगवळणी पडायला पुढची दोन वर्षं लागली. हे घर माझ्या निवृत्तीच्या खात्याचं आहे, माझं नाही. खाली जे नियम सांगते आहे ते सगळे या एका गोष्टीतून निघतात. एखाद्या पायरीवर अडलात तर स्वतःला विचारा, की हे काम मी करते आहे की माझं खातं?

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आपल्या ओळखीत दोन-तीन नोकऱ्या बदललेली माणसं भरपूर आहेत आणि त्यांचं जुन्या कंपनीतलं ४०१-के, म्हणजे नोकरीतून मिळणारं निवृत्तीचं बचत खातं, तसंच पडून असतं. त्या पैशातून भाड्याचं घर घेता येतं असं कुणीतरी सांगतं आणि मग माहितीच्या शोधात दमछाक होते. माझी झाली तशी तुमची होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. प्रत्यक्ष पाऊल टाकण्याआधी या खात्यांचं काम रोज करणारा सीपीए, म्हणजे परवानाधारक लेखापाल, गाठा. सगळ्याच सीपीएंना हे येत नाही. पहिल्या भेटीत ‘तुम्ही आयआरएसाठी फॉर्म ९९०-टी भरला आहे का?’ असं सरळ विचारा. खात्यालाच कर लागतो तेव्हा भरायचं हे विवरणपत्र. उत्तर देताना तो चाचपडला तर दुसरा शोधा.

पायरी १: आधी हिशेब करा, मग उत्साह

आयआरए हा प्रकार १९७४ च्या ‘एरिसा’ कायद्याने आला. आयआरएमध्ये काय ठेवता येत नाही याची कायद्यातली यादी छोटी आहे: आयुर्विमा, आणि चित्रं, दुर्मीळ नाणी, पुरातन वस्तू यांसारख्या संग्रहाच्या गोष्टी. जमीन-घर त्या यादीत नाही. म्हणजे कायद्याची परवानगी पहिल्यापासून आहे. फिडेलिटी, श्वाब, व्हॅनगार्ड यांच्या नेहमीच्या आयआरएत प्रत्यक्ष घर ठेवण्याची सोय नसते, इतकंच. ती सोय देणाऱ्या कस्टोडियनकडे जे खातं उघडतात त्याला सेल्फ-डायरेक्टेड आयआरए म्हणतात. करखात्याच्या लेखी ते साधं आयआरएच असतं.

आता तोट्याची बाजू. ती कुणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून मी आधी सांगते. स्वतःच्या नावावर भाड्याचं घर असेल तर घसारा वजा करता येतो, तोटा पुढे ओढता येतो, विकताना दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा कमी दर लागतो, आणि आपल्या पश्चात वारसांना घराची किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाने धरून मिळते. घर पारंपरिक आयआरएत, म्हणजे पैसे काढताना कर लागणाऱ्या खात्यात, गेलं की यातलं काहीच उरत नाही. खात्यात असेपर्यंत कर लागत नाही हे खरं, पण बाहेर येणारा प्रत्येक डॉलर पगारासारखा करपात्र होतो. रॉथ आयआरएचं, म्हणजे आधीच कर भरलेल्या पैशांच्या खात्याचं, गणित बरंच बरं आहे. पाच वर्षांची अट आणि साडेएकोणसाठ वय पूर्ण झालं की निघणारी रक्कम करमुक्त असते.

माझं मत विचाराल तर, निवृत्तीचं एकच खातं असेल आणि त्यातले बहुतेक पैसे एका घरात अडकणार असतील तर हे करू नका. घराची एक खोली विकून रोकड उभी करता येत नाही. पाच वर्षांत भारतात परतायचा विचार असेल तरीही दहा वेळा विचार करा. पुण्यात बसून ओहायोतल्या छताची काळजी वाहणं सोपं नाही. रिअल इस्टेटमध्ये पैसे असावेत एवढीच इच्छा असेल तर नेहमीच्या आयआरएतून आरईआयटीचे, म्हणजे घरं-इमारतींत गुंतवणूक करणाऱ्या कंपन्यांचे, शेअर किंवा फंड घेता येतात. त्यात यातली एकही कटकट नाही.

पायरी २: कुठले पैसे हलवता येतात ते पाहा

जुन्या नोकरीतलं ४०१-के किंवा ४०३-बी (शाळा, सेवाभावी संस्था यांच्याकडची तशीच योजना), आणि आधीपासून असलेली आयआरए खाती, ही सहज हलतात. सध्याच्या नोकरीतलं ४०१-के सहसा साडेएकोणसाठ वयापर्यंत अडकलेलं असतं. काही कंपन्यांच्या योजनेत त्याआधीही मुभा असते, म्हणून एचआरकडून योजनेचा दस्तऐवज मागून वाचा.

नव्याने पैसे भरून घर घ्यायचं म्हटलं तर ते होणार नाही. आयआरएत वर्षाला भरायची मर्यादा २०२५ साली ७,००० डॉलर होती, पन्नाशी ओलांडलेल्यांना आणखी १,०००. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडेल तेव्हा तो आडवा येतो.

तुमचा स्वतःचा व्यवसाय असेल आणि नवरा-बायको सोडून पूर्णवेळ नोकर नसतील तर सोलो ४०१-के, म्हणजे एकट्या मालकाच्या व्यवसायाचं ४०१-के, हा पर्यायही तपासा. कर्ज काढून घर घ्यायचं असेल तर तो आयआरएपेक्षा सरस पडतो. कारण पायरी ६ मध्ये येईल.

पायरी ३: कस्टोडियन निवडा

आयआरएचा सांभाळ बँकेने किंवा करखात्याने मान्यता दिलेल्या बिगर-बँक संस्थेनेच करावा लागतो. अशा मान्य संस्थांची यादी करखातं स्वतः ठेवतं. जाहिरात करणाऱ्या अनेक कंपन्या नुसत्या मध्यस्थ असतात, पैसे कुणा तिसऱ्याकडेच असतात. म्हणून पहिला प्रश्न हा: माझे पैसे प्रत्यक्ष कुणाच्या ताब्यात असणार, आणि ते नाव यादीत आहे का?

दुसरा प्रश्न फीचा. काही जण वर्षाला ठरावीक रक्कम घेतात, काही जण खात्यातल्या मालमत्तेच्या किमतीनुसार घेतात. एकाच घरासाठी ठरावीक फी बरी, कारण घराची किंमत वाढली म्हणून कस्टोडियनचं काम वाढत नाही. शिवाय प्रत्येक चेकला, प्रत्येक वायरला, घाईच्या कामाला वेगळे पैसे असतात. पूर्ण दरपत्रक लेखी घ्या.

तिसरा प्रश्न मी विचारला नव्हता आणि त्याची किंमत मोजली: बिल पाठवल्यापासून पैसे निघेपर्यंत किती दिवस लागतात?

एक गोष्ट इथेच पक्की समजून घ्या. कस्टोडियन तुमची गुंतवणूक चांगली की वाईट हे तपासत नाही. ते त्याचं कामच नाही. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने याबद्दल गुंतवणूकदारांना जाहीर इशारा दिलेला आहे, कारण ‘नामांकित कस्टोडियनने मान्य केलं’ असं सांगून लोकांना फसवलं जातं. आपल्या समाजात हे फार काळजीने ऐकायला हवं. मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेला, आपल्याच गावचा, आपल्याच भाषेत बोलणारा कुणी टेक्ससमधल्या अपार्टमेंट प्रकल्पात आयआरएचे पैसे घाला म्हणाला तर तो खोटाच असेल असं नाही. पण ओळख म्हणजे तपासणी नव्हे. कमिशनच्या ‘एडगर’ या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचा फॉर्म डी, म्हणजे खासगी गुंतवणूक विकत असल्याची नोंद, दाखल आहे का ते पाहा, राज्याच्या सिक्युरिटीज विभागाकडे चौकशी करा, आणि मागच्या प्रकल्पांचे हिशेब मागा. मागितल्यावर जो रागावतो त्याला पैसे देऊ नका.

पायरी ४: पैसे हलवा, पण तुमच्या हाताला लागू न देता

एका कस्टोडियनकडून दुसऱ्याकडे थेट पैसे गेले पाहिजेत. चेक आला तरी तो नव्या कस्टोडियनच्या नावे असावा. तुमच्या नावाचा चेक निघाला तर ४०१-के योजना २० टक्के कर कापूनच पैसे देते. मग ६० दिवसांत पूर्ण रक्कम, म्हणजे कापलेले २० टक्के स्वतःच्या खिशातून घालून, नव्या खात्यात भरावी लागते. चुकलात तर ती रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरली जाते, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वर १० टक्के दंड. एका आयआरएतून दुसऱ्या आयआरएत असा हातातून जाणारा व्यवहार १२ महिन्यांत एकदाच करता येतो. थेट हस्तांतराला ती मर्यादा नाही. माझे पैसे थेट मार्गाने यायला साडेतीन आठवडे लागले. म्हणून घर बघण्याआधी पैसे हलवा.

पायरी ५: कुणाशी व्यवहार चालत नाही ते पाठ करा

या लेखातलं एवढंच वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

करकायद्याच्या कलम ४९७५ मध्ये ‘अपात्र व्यक्तीं’ची यादी आहे. तुम्ही स्वतः, तुमचा जोडीदार, आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, आणि मुला-नातवंडांचे जोडीदार, म्हणजे सून आणि जावई. खात्याला सल्ला देणारे, खातं सांभाळणारेही त्यात येतात. या मंडळींच्या हातात निम्मी किंवा जास्त मालकी असलेली कंपनीही येते. भाऊ-बहीण या यादीत नाहीत. आपल्याला हे उलटं वाटतं, पण तसंच आहे.

यादीतल्या कुणाकडूनही खात्याने घर विकत घ्यायचं नाही, त्यांना विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, फुकट राहू द्यायचं नाही, कर्ज द्यायचं-घ्यायचं नाही, आणि त्यांच्याकडून घराचं काम करून घ्यायचं नाही. बाजारभावाने भाडं दिलं म्हणून चालत नाही. एक रात्र राहिलं म्हणून चालत नाही.

हे वाचताना सोपं वाटतं, घरात पाळताना नाही. माझे बाबा सांगलीहून उन्हाळ्यात सहा महिने आले होते. आयुष्यभर सार्वजनिक बांधकाम खात्यात काढलेला माणूस, रिकामा बसवत नव्हता. डेटनला गेलो तेव्हा मागच्या कुंपणाचे दोन खांब हलताना त्यांनी पाहिले आणि गाडीतून हातोडी मागितली. मला त्यांना थांबवावं लागलं. ‘अगं, दहा मिनिटांचं काम आहे, पैसे थोडेच मागतोय’ असं ते म्हणाले. पैसे न मागणं हीच तर अडचण होती! अपात्र माणसाने खात्याच्या मालमत्तेसाठी केलेली फुकट सेवा हाच प्रश्न आहे. त्यांना वाईट वाटलं आणि मलाही. कुंपण सुताराकडून करून घेतलं, बिल खात्यातून गेलं.

ओहायो स्टेट विद्यापीठात मुलाला प्रवेश मिळाला आणि कोलंबसमध्ये आयआरएचं घर आहे, म्हणून त्याला तिथे ठेवणं हाही तसाच सापळा. मित्रांबरोबर भाड्याने राहिला तरी तो तुमचा मुलगाच आहे.

चूक झाली तर काय? आयआरएच्या मालकाने असा निषिद्ध व्यवहार केला की ते खातं त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून आयआरए राहत नाही. चुकलेली रक्कम किती हा प्रश्नच येत नाही. सगळं खातं त्या दिवशी वाटून टाकलं असं धरून कर लावतात, वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर १० टक्के दंडही. आणि ते लगेच उघडकीला येतं असंही नाही. २०१३ साली टॅक्स कोर्टाने निकाल दिलेल्या ‘पीक’ खटल्यात दोघांनी २००१ मध्ये आपल्या आयआरएच्या कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन दिला होता. कंपनी २००६ मध्ये विकली, मोठा नफा झाला. तो सगळा करपात्र ठरला, कारण जामीन दिल्या दिवसापासूनच बिघाड झाला होता.

मग पुण्यातला फ्लॅट?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. अमेरिकेचा करकायदा परदेशातल्या मालमत्तेला मनाई करत नाही. अडचण दोन बाजूंनी येते. पहिली, भारताच्या फेमा (परकीय चलन कायदा) नियमांखाली घर घेण्याची मुभा एनआरआय किंवा ओसीआय कार्ड असलेल्या व्यक्तीला आहे, आणि तीही शेतजमीन, मळे, फार्महाउस सोडून. तुमच्या आयआरएचं घर मात्र अमेरिकन ट्रस्ट कंपनीच्या नावे होणार, आणि परदेशी कंपनीला तशी मुभा नाही. ‘माझ्या नावावर घेतो, आयआरएचं आहे असं लिहून ठेवतो’ म्हणाल तर ते घर खात्याचं नाहीच. दुसरी अडचण मनाची. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आई-बाबा राहतील, आपण डिसेंबरमध्ये जाऊन उतरू, हेच तर डोक्यात असतं. ते सगळं वरच्या यादीत बसतं. पुण्यातलं घर घ्यायचं तर कर भरलेल्या स्वतःच्या पैशांतून, स्वतःच्या नावावर घ्या.

पायरी ६: रोख की कर्ज, ते ठरवा

खात्यात पुरेसे पैसे असतील तर रोख घ्या. व्यवहार निम्म्याने सोपा होतो.

कर्ज घ्यायचंच असेल तर ते ‘नॉन-रिकोर्स’ हवं. म्हणजे हप्ते थकले तर बँकेने फक्त ते घर घ्यायचं, तुमच्याकडे किंवा खात्यातल्या इतर पैशांकडे बघायचं नाही. तुम्ही जामीन राहायचं नाही, स्वतःचं काही तारण द्यायचं नाही. असं कर्ज देणाऱ्या बँका मोजक्या आहेत आणि सहसा ३५-४० टक्के किंवा त्याहून जास्त रक्कम आधी मागतात.

शिवाय कर्जाच्या हिश्शातून आलेल्या उत्पन्नावर खात्यालाच कर लागतो. घर १,००,००० डॉलरचं आणि कर्ज ६०,००० असेल तर सुरुवातीला साधारण ६० टक्के निव्वळ भाडं या कराच्या कक्षेत येतं. खर्च आणि घसाराही त्याच प्रमाणात वजा होतो, पहिले १,००० डॉलर माफ असतात, आणि उरलेल्यावर ट्रस्टचे दर लागतात. ते फार लवकर चढतात: २०२५ मध्ये १५,६५० डॉलरच्या वर थेट ३७ टक्के. विक्रीच्या नफ्यावरही हा कर येतो. मात्र विक्रीआधी पूर्ण १२ महिने घर कर्जमुक्त असेल तर येत नाही, म्हणून शेवटची काही वर्षं हप्ते लवकर फेडायचं नियोजन करतात. घराच्या कर्जावरचा हा कर सोलो ४०१-केला लागत नाही.

घर घेऊन, रंगवून, लगेच विकायचा सपाटा लावला किंवा हॉटेलसारख्या सेवा देत रोजच्या भाड्याने दिलं, तर कर्ज नसतानाही तो व्यवसाय मानून कर लागू शकतो. वर्षाच्या कराराने राहणारा साधा भाडेकरू सगळ्यात बरा.

पायरी ७: घर शोधा, करार खात्याच्या नावे करा

पहिल्या घराच्या वेळी मी चुकले. घर आवडलं, विक्रेत्याला घाई होती, एजंट म्हणाला आत्ता सही करा, नाव नंतर बदलू. मी स्वतःच्या नावे करारावर सही केली आणि इसाराचे १,००० डॉलर माझ्या चेकने दिले. कस्टोडियनने कागद पाहिले आणि व्यवहार पुढे न्यायला नकार दिला. विक्रेता नव्याने करार करायला तयार नव्हता. ते घर सोडलं, इसारही गेला.

बरोबर क्रम असा: एजंटला पहिल्याच फोनवर सांगा की खरेदीदार आयआरए आहे. करारात खरेदीदाराचं नाव कस्टोडियनने दिलं तसंच, अक्षर न अक्षर. करार वाचून त्यावर ‘वाचला आणि मान्य’ अशी तुमची सही, मग कस्टोडियनची खरेदीदार म्हणून सही. इसार खात्यातून. घराच्या तपासणीची फीसुद्धा खात्यातूनच द्यायची व्यवस्था करा. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून क्लोजिंगची, म्हणजे पैसे देऊन खरेदी पूर्ण करण्याची, तारीख निदान ३० ते ४५ दिवस पुढची ठेवा. दोन दिवसांत उत्तर मागणाऱ्या विक्रेत्याच्या नादी लागू नका.

क्लोजिंगच्या आधी हे कागद एका फाइलमध्ये हवेत:

- खातं उघडल्याचे कागद आणि पैसे थेट हस्तांतरित झाल्याचा पुरावा
- कस्टोडियनला दिलेला खरेदीचा लेखी आदेश
- दोन्ही सह्यांचा खरेदी करार आणि इसार खात्यातून गेल्याची नोंद
- घराच्या तपासणीचा अहवाल
- टायटल कंपनीचा (घराचा मालकी हक्क तपासणारी कंपनी) प्राथमिक अहवाल आणि टायटल विमा
- खात्याच्या नावे घराचा विमा
- क्लोजिंगचा हिशेब, खरेदीखताचा मसुदा
- प्रॉपर्टी मॅनेजरशी करार, तोही खात्याच्या नावे
- कर्ज असेल तर खात्याचा स्वतंत्र ईआयएन (करखात्याचा ओळख क्रमांक)

विम्यावर विशेष लक्ष द्या. एजंट सवयीने तुमचं नाव आणि तुमचा पत्ता घालतो. मग आग लागली तर भरपाईचा चेक तुमच्या नावे येईल, आणि तो पैसा खात्याचा आहे.

पायरी ८: क्लोजिंग

तुम्ही जाण्याची गरज नसते. टायटल कंपनी कागद कस्टोडियनला पाठवते, तुम्ही वाचून मान्यता देता, ते सही करून वायर करतात. वायरचा खाते क्रमांक ईमेलवर आला असेल तर टायटल कंपनीला स्वतः, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर, फोन करून पडताळा. खरेदीखतातली नावाची ओळ शेवटची एकदा वाचा.

पायरी ९: घर चालवा, खिशाला हात न लावता

भाडं खात्यात जातं. प्रॉपर्टी टॅक्स, विमा, दुरुस्ती, मॅनेजरची फी, गवत कापणाऱ्याचे पैसे, सगळं खात्यातून येतं. नियम एवढाच आहे आणि तोच मोडायचा मोह सारखा होतो.

माझ्या खात्यात १,१८,००० डॉलर होते. घर ९८,००० चं, क्लोजिंगचा आणि इतर खर्च ३,००० च्या आसपास. उरलेले १७,००० मला भरपूर वाटले. सप्टेंबरमध्ये छताला ९,४०० गेले. भाडेकरू मिळायला डिसेंबर उजाडला. तोवरचा विजेचा, सफाईचा खर्च, मॅनेजरची फी जाऊन हातात साडेचार हजार राहिले. जानेवारीच्या एका रात्री मॅनेजरचा फोन आला: भट्टी बंद पडली आहे, घरात लहान मूल आहे, नवी बसवायला ५,२०० लागतील, कार्डाचा नंबर द्या. कार्ड माझ्या समोर टेबलावर होतं.

ते दिलं असतं तर मी खात्याला स्वतःचे पैसे वापरू दिले असते. मी दिलं नाही. त्या रात्री मॅनेजरने आपल्या करारातल्या किरकोळ खर्चाच्या तरतुदीतून दोन विजेचे हीटर नेऊन दिले, जे पुढे खात्याने भरले. दुसऱ्या दिवशी माझ्या दुसऱ्या एका पारंपरिक आयआरएतून १०,००० डॉलर थेट हलवायचा अर्ज केला. पैसे यायला नऊ दिवस लागले. ठेकेदार पैशांसाठी थांबायला तयार झाला म्हणून भट्टी चौथ्या दिवशी बसली. ते दुसरं खातं नसतं तर माझ्याकडे वर्षाच्या मर्यादेत नवी वर्गणी भरणं एवढाच मार्ग होता.

तेव्हा माझं सांगणं असं:

गंगाजळी घराच्या किमतीच्या निदान २० टक्के ठेवा, जुनं घर असेल तर जास्त. दुसरं त्याच प्रकारचं आयआरए शक्यतो शिल्लक ठेवा. मॅनेजरकडे काही रकमेपर्यंतची दुरुस्ती भाड्यातूनच करायची तरतूद करारात लिहून घ्या, म्हणजे प्रत्येक नळासाठी कस्टोडियनकडे जावं लागत नाही. मॅनेजर अर्थातच अपात्र यादीतला नको. कराचं वेळापत्रक राज्याराज्यात वेगळं असतं. ओहायोत प्रॉपर्टी टॅक्स एक वर्ष मागाहून आणि दोन हप्त्यांत भरतात, टेक्ससमध्ये ३१ जानेवारीपर्यंत. कस्टोडियनला बिल आपोआप जाईल असं धरून बसू नका. तारीख तुमच्या कॅलेंडरमध्ये हवी.

या सगळ्या विलंबावर उपाय म्हणून ‘चेकबुक आयआरए’ विकला जातो: खात्याच्या मालकीची एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी, काढायची, तिचं बँक खातं तुमच्या सहीने चालवायचं. सोय मोठी आहे, पण मधे थांबवणारा कुणी राहत नाही. २०२१ च्या ‘मॅकनल्टी’ खटल्यात अशाच एलएलसीतून घेतलेली सोन्याची नाणी मालकिणीने घरी ठेवली, आणि कोर्टाने ती खात्यातून काढलेली रक्कम ठरवली. एलएलसीचा राज्याचा खर्चही असतो, कॅलिफोर्नियात वर्षाला किमान ८०० डॉलर. एका घरासाठी मी तो मार्ग घेतला नाही आणि पहिल्या घराला कुणी घेऊ नये असंच म्हणेन.

पायरी १०: दरवर्षीचे कागद

३१ डिसेंबरची घराची बाजारातली किंमत कस्टोडियनला कळवावी लागते. ती फॉर्म ५४९८ वर करखात्याला जाते. कस्टोडियन कशाला पुरावा मानतो ते आधी विचारा. काहींना स्थानिक एजंटचं लेखी मत पुरतं, पैसे काढण्याच्या वर्षी मात्र व्यावसायिक मूल्यांकन घ्या. कर्ज असेल आणि त्यातून येणारं एकूण करपात्र उत्पन्न १,००० डॉलर किंवा जास्त असेल तर फॉर्म ९९०-टी, १५ एप्रिलपर्यंत, आणि त्यावरचा करही खात्यातूनच. घराचं भाडं तुमच्या स्वतःच्या विवरणपत्रात दाखवायचं नाही. नेहमीचं सॉफ्टवेअर ‘तुमचं भाड्याचं घर आहे का?’ विचारतं तेव्हा उत्तर ‘नाही’.

पायरी ११: वय ७३ चा विचार आधीच करा

पारंपरिक आयआरएतून ७३ व्या वर्षापासून दरवर्षी ठरावीक किमान रक्कम काढावीच लागते. २०३३ पासून हे वय ७५ होईल. रॉथला मालकाच्या हयातीत ही सक्ती नाही. रक्कम काढायची राहिली तर राहिलेल्या भागावर २५ टक्के दंड, वेळेत दुरुस्त केलं तर १० टक्के. घर खात्यात आणि रोकड शून्य, अशा वेळी काय करणार? सगळ्या पारंपरिक आयआरए मिळून येणारी किमान रक्कम कुठल्याही एकातून काढता येते, म्हणून मी दुसरं खातं त्याचसाठी वाढवते आहे. ते नसेल तर घर विकणं, किंवा दरवर्षी घराचा थोडा थोडा हिस्सा खरेदीखताने स्वतःच्या नावे करून घेणं, एवढेच मार्ग राहतात. दुसऱ्या मार्गात दर वेळी मूल्यांकन, नवं खत आणि नोंदणीचा खर्च येतो.

साडेएकोणसाठनंतर अख्खं घरच खात्यातून बाहेर काढता येतं. त्या दिवशीच्या बाजारभावाएवढी रक्कम तुमचं उत्पन्न धरतात आणि कस्टोडियन काढलेल्या रकमेची नोंद असलेला फॉर्म १०९९-आर देतो, म्हणून कर भरायला रोकड बाजूला हवी. नवीन खत नोंदवून झालं, भाडेकरूचा करार संपला, की तिथे तुम्ही राहू शकता, आई-बाबांना ठेवू शकता, कुंपणाचा खांब स्वतःच्या हाताने ठोकू शकता. मला त्याला अजून अकरा वर्षं आहेत. बाबांनी डेटनला जाताना नेलेली हातोडी आमच्या गराजमध्ये ठेवली आहे.